साक्षीच्या सत्काराची प्रमुख पाहुणी

"ह्यात ह्यूमन टच नाही, टीचर," असं म्हणून आमच्या प्रिन्सिपल सिस्टरांनी माझा कागद माझ्याकडेच परत सरकवला.

कागदावर सायटेशन होतं. सायटेशन म्हणजे विद्यार्थ्याला स्टेजवर बोलावताना माइकवर वाचायच्या चार ओळी. लोणावळ्याजवळच्या आमच्या कॉन्व्हेंट शाळेत दहावीचा निकाल लागला, की पहिल्या आलेल्या मुलांचा सत्कार होतो. त्याची इनचार्ज मी. मी गणित शिकवते, त्यामुळे माझ्या सायटेशनमध्ये गुण असतात, विशेषणं नसतात. साक्षीबद्दल लिहिलं होतं: शाळेत पहिली, गणित आणि विज्ञानात सर्वांत जास्त गुण. बस्स.

"तिचे वडील कार्ल्याला एका बंगल्यावर केअरटेकर आहेत ना? ते लिहा. लोकांना इन्स्पिरेशन मिळतं," सिस्टर म्हणाल्या.

"दुसऱ्या आलेल्या मुलाचे वडील हॉटेलवाले आहेत. ते कुठं लिहिलंय आपण?"

"ते वेगळं."

वेगळं कसं, ते मला चांगलं माहीत होतं. माझ्या गावी, सुदुंबऱ्यात, आमच्या घरातली कॉलेजला गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले तेव्हा गावानं सत्कार ठेवला. वक्ते माझ्या पदवीबद्दल एक वाक्य बोलले आणि उरलेला सगळा वेळ माझ्या आईच्या हातावरच्या घट्ट्यांबद्दल. आई घरी आली ती हात पदराखाली घेऊन. मला आईचा अभिमान आहेच. पण परीक्षेला मी बसले होते.

शिवाय मी साक्षीला शब्द दिला होता. सिस्टरांशी हे बोलणं व्हायच्या आदल्या दिवशी रिहर्सल झाली. डावीकडून चढायचं, मेडल घ्यायचं, फोटोग्राफरकडे बघायचं, उजवीकडून उतरायचं. रिहर्सल संपल्यावर ती मागे थांबली.

"टीचर, पप्पांचं काम सांगणार का तुम्ही माइकवर?"

"का गं? लाज वाटते?"

"लाज कशाला वाटेल? पण ते सांगितलं की सगळे बंगल्याच्या मॅडमनाच शाबासकी देतात. बंगल्यावर पाहुणे आले की मॅडम मला हॉलमध्ये बोलावतात. म्हणतात, इंग्लिश बोलून दाखव. मी बोलते. मग पाहुणे त्यांना म्हणतात, किती करता हो तुम्ही या लोकांसाठी."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

हे मी सिस्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाई वाईट नाहीत. पाचवीत साक्षीला इंग्लिश मीडियममध्ये घ्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा याच सिस्टर कमिटीशी भांडल्या होत्या.

"बरं, राहू दे तुमचं सायटेशन," त्या म्हणाल्या. "तसंही मॅडम स्वतः बोलतीलच."

"कोण मॅडम?"

"प्रमुख पाहुण्या. आपल्याला कॉम्प्युटर लॅब दिली त्या. त्यांचाच बंगला तो! मलाही कालच कळलं. देवाची योजना बघा, टीचर."

मी म्हणाले, "मग साक्षीला मेडल चर्चच्या फादरच्या हातून देऊ या. तेही येणार आहेत."

"आणि डोनरला काय सांगू? तुमच्या हातून नको म्हणते?"

मी साक्षीला गाठून सांगितलं. ती म्हणाली, "मी आलेच नाही तर?"

"तर नको येऊस. मी सांभाळीन सिस्टरांना."

"सिस्टरांना सांभाळाल हो. पप्पांना मॅडम विचारतील ना. आम्ही राहतो ती खोली बंगल्याचीच आहे, टीचर."

ती आली. शनिवार होता. बंगल्यावर मुंबईचे पाहुणे उतरले होते, म्हणून तिची आई त्यांच्या जेवणाच्या मागं होती. वडील एकटेच आले, मॅडमच्या गाडीतून, ड्रायव्हरच्या शेजारी बसून.

आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. पहिल्या आलेल्या मुलाच्या आईवडिलांना गुलाबाचं फूल लावून पहिल्या रांगेत, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी बसवतात. मी फूल घेऊन साक्षीच्या वडिलांना, बबनरावांना, शोधत होते. ते भिंतीशी उभे होते. एका हातात मॅडमची पर्स, दुसऱ्या हातात छत्री.

"भाऊ, तुमची खुर्ची पुढं आहे. चला."

"आमी हितंच बरं हाय, टीचर. बाईसायबांच्या बरोबरीला कसं बसायचं?"

"आज तुम्ही पहिल्या आलेल्या मुलीचे वडील आहात."

"व्हय, ते हायच की," ते हसले. "पर ते आजच्याला. उद्या म्या पुन्यांदा गेटवरच हाय."

बंगला आहे त्या जागेवर एकेकाळी यांच्याच घरचा इंद्रायणी तांदूळ पिकायचा. मी फूल त्यांच्या खिशाला लावलं आणि माइककडे गेले.

मी माझ्या ओळी वाचल्या. टाळ्या झाल्या. साक्षी डावीकडून चढली, ताठ, रिहर्सलसारखी. मॅडमनी तिच्या गळ्यात मेडल घातलं. तिनं फोटोग्राफरकडे बघितलं. ती उजवीकडे वळणार, तेवढ्यात मॅडमनी तिचा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं माइक ओढून घेतला.

"ही आमच्या घरातलीच मुलगी बरं का! आमच्या किचनमध्ये बसून हिनं अभ्यास केलाय. मी नेहमी सांगायचे, साक्षी, शीक, मोठी हो. आणि आमचा बबन कुठाय? अरे बबन, ये ना वर! लाजतोस काय?"

बबनराव पायरीशी चपला काढून घाईनं वर आले. पर्स आणि छत्री तशीच हातात. त्यांनी वाकून मॅडमना नमस्कार केला आणि लेकीला म्हणाले, "पाया पड बाईसायबांच्या."

माइक चालू होता. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

साक्षीनं एकदा वडिलांकडे पाहिलं. मग ती वाकली. हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. तिच्या गुणांना त्यांनी बसून वाजवल्या होत्या. फोटोग्राफरनं फोटो घेतला तो नेमका त्या वेळी.

कार्यक्रमानंतर बबनराव मला मुद्दाम भेटले. डोळे भरले होते. "लय मान दिला, टीचर, बाईसायबांनी. चारचौघांत नाव घ्येतलं माझं." मी मान हलवली.

साक्षी चहाच्या टेबलापाशी उभी होती. मी म्हणाले, "सॉरी बाळा."

"तुम्ही बरोबर वाचलंत, टीचर," ती म्हणाली.

सिस्टर खूश होत्या. "बघितलंत? सगळे रडले!"

"साक्षी नाही रडली," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तो फोटो मोठा करून कॉम्प्युटर लॅबमध्ये लावला. मॅडम मधोमध, बबनराव पर्स घेऊन, आणि साक्षीचं नुसतं डोकं, मागून. शाळेत पहिली आलेली मुलगी कोण, हे त्या फोटोवरून कुणालाच ओळखता येत नाही. एक कॉपी बंगल्याच्या हॉलमध्येही आहे म्हणे. तिथल्या फ्रेमा पुसायचं काम साक्षीच्या आईकडे.

साक्षी तळेगावला कॉलेजात गेली. बारावीलाही तिला उत्तम गुण मिळाले. हे मला दुसऱ्या मुलींकडून कळलं. माजी विद्यार्थिनी म्हणून पुन्हा सत्कार करावा, असं सिस्टरांच्या मनात आलं. मीच फोन केला. ती नीट बोलली, माझी तब्येत विचारली, आणि म्हणाली, "जमणार नाही, टीचर. परीक्षा आहे." तेव्हा कॉलेजांना सुट्टी होती.

मी सिस्टरांना परीक्षाच सांगितली.

आता सत्काराचं काम आलं की मी आधी मुलाला बाजूला घेऊन विचारते, तुला काय काय नको? यादी लांबते कधीकधी. सिस्टर वैतागतात, म्हणतात, मग सत्काराला उरलं काय? मी म्हणते, गुण उरले.