कॅजिटन अंकलचं 'कसंबसं' घर

भाईंदर पश्चिमेच्या आमच्या जुन्या गल्लीत सध्या अशी वावडी आहे, की कॅजिटन अंकलनी बिल्डरशी आतून सेटिंग केली, पूनम सागर कॉम्प्लेक्सला दोन फ्लॅट घेतले आणि स्वतःचं घर स्वतःच्या तोंडाने जतनाच्या यादीतून काढायला लावलं. किराणावाल्या शैलाकाकू हे सांगताना आवाज इतका खाली आणतात, की फक्त रिक्षा स्टँडपर्यंतच ऐकू जातो. "मला काय करायचंय बाई, पण दोन्ही फ्लॅट रोड-टच आहेत म्हणे!"

फ्लॅटबिट काही नाही. घर गेल्यापासून अंकल आणि त्यांची मुलगी व्हेनेसा नवघरला भाड्याच्या एका खोलीत राहतात. 'स्वतःच्या तोंडाने' एवढं मात्र खरं आहे, आणि त्यातलं अर्धं तोंड माझं होतं.

कॅजिटन अंकल छपरं शाकारायचे. म्हणजे उन्हाळ्यात वर चढायचं, कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा ओळीने लावायची. गल्लीतल्या बाराच्या बारा कौलारू घरांना चाळीस वर्षं त्यांचाच हात लागला. वरून ओरडायचे, "भांडी झाका गो, कचरा पडल!" आणि खाली उतरले की मान हलवत, एक खोकला काढून, "काय न्हाय, थातुरमातुर केलंय." थातुरमातुर म्हणजे आता पावसाळाभर थेंब नाही, हे लहान पोरालाही कळायचं.

कारण आमच्याकडे आपल्या वस्तूला कोणी चांगलं म्हणत नाही. नजर लागते. शैलाकाकू आपल्या गरगरीत नातवाला कडेवर घेऊन "खातच नाही हो मेला" म्हणत फिरतात. ऐकणारा मनातल्या मनात उलटं करून घेतो.

मग 'जुनी वाट' योजना आली. जुनी घरं जतन करायची, दाराला पितळी पाटी लावायची, रविवारी पर्यटक आणायचे. यादीतल्या घरांना पडवीत खाण्याचा धंदा करायची परवानगीही मिळणार होती. व्हेनेसा मॉलमधली नोकरी सोडून पडवीत फुगे तळणार होती. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे गोल, तळलेले पाव. एकाने भागत नाही. अंकलनी गिऱ्हाइकांसाठी दोन बाकसुद्धा रंगवून ठेवले. विचारलं की म्हणायचे, "जुनी लाकडं व्हती, उगाच मारला रंग."

सर्व्हे आला तो नेमका मे महिन्यात. आधी दुसऱ्यांची छपरं उरकून अंकलनी शेवटी स्वतःचं उघडलं होतं. अर्धी कौलं अंगणात, वासे उघडे. सर्व्हेचे जितेंद्र सर टॅब घेऊन दारात उभे. पुण्याकडचे, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. "काका, घराची एकंदर स्थिती कशी आहे?"

अंकल शिडीवरून म्हणाले, "कसली स्थिती न् काय बाबा! टेकू लावून उभं हाय. आज हाय, उंद्या न्हाय."

घराला टेकू नव्हता. कधीच नव्हता.

बाजूलाच उभी असलेल्या माझ्याकडे जितेंद्र सर वळले. "काय म्हणाले?"

मला तेवढंच हवं होतं; अंकलची नक्कल हा माझा गल्लीतला नेहमीचा खेळ. मी खांदा पाडला, मान हलवली, आधी खोकला काढला आणि अख्खं वाक्य अंकलच्या आवाजात परत वाजवलं, शेवटी सरांसाठी सावकाश: "टेकू लावून उभं आहे. आज आहे, उद्या नाही." गल्ली फुटली हसून. अंकल तर शिडीला धरून हसले. "पोपटीन हाय ही, पोपटीन!" सरही हसले आणि हसता हसता ते वाक्य टॅबवर टिपून घेतलं. उघड्या छपराचा एक फोटो काढला. आत कोणी गेलंच नाही.

खोकलासुद्धा सोडला नव्हता मी. फक्त, ते उलटं ऐकायचं असतं, एवढं सांगायचं राहिलं.

सप्टेंबरात यादी लागली. अकरा घरांना पाटी, आणि अंकलना नोटीस: मोडकळीस आलेले, धोकादायक, उतरवावे. हरकतीला पंधरा दिवस होते. व्हेनेसाने अर्ज केला. सुनावणीला ती आणि अंकल निघाले, तर मीही रिक्षात घुसले.

रिक्षात मी त्यांना पढवत होते. "अंकल, म्हणा, माझं घर मजबूत आहे."

"असं कोण बोलतं गो?"

"आज बोलायचं."

"देवाला कळत न्हाय काय?"

"देवाकडे टॅब नाहीये! तुम्हाला ना, जमणारच नाही. लावा पैज."

"कशाची?"

"तुम्ही बोललात तर वर्षभर तुमची नक्कल बंद."

व्हेनेसा म्हणाली, "पपा, घ्या. कटकट तरी जाईल."

ऑफिसात सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी फाइल उघडली आणि सरळ आवाजात वाचलं, "'टेकू लावून उभं आहे. आज आहे, उद्या नाही.' हे तुमचंच म्हणणं ना?"

इतकं कोरडं ते वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. त्यात खोकला नव्हता, हसू नव्हतं.

"माझंच," अंकल म्हणाले.

"मग आता काय म्हणणं आहे?"

अंकलनी टोपी काढून हातात धरली. व्हेनेसाने डोळे मिटले. मग ते म्हणाले, "घर मजबूत हाय. बापानं बांधलं, मी शाकारलं. चाळीस वर्षांत आत एक थेंब न्हाय. गल्लीत असं दुसरं घर न्हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, हे मे महिन्यात सांगायचं होतं. यादी वर मंजूर होऊन गेली. मी आता फक्त तुमचं म्हणणं नोंदवू शकते." आणि त्यांनी ते नोंदवलं.

जिन्यावर अंकल मधेच थांबले. "बघ, बोललो न् लागली. माझीच नजर."

"अंकल, नजर नाही, ते माझ्यामुळे..."

"पैज हरलीस ना? मग गप." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली आणि उरलेला जिना उतरायला लागले.

मी वर्षभर नक्कल बंद ठेवायचं कबूल केलं होतं; त्या 'गप'मुळे शैलाकाकूंना खरं सांगणंही बंद झालं. आता तिसरा महिना चालू आहे.