साठ पावलांवरचा क्रूस

जयवंत सर,

शाळेच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर दोन पानं लिहा, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. वर पुन्हा, "जरा गौरवपर लिहा हं, बाई." गौरवपर मला लिहिता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून पत्र लिहिते. तुमचं तुम्हालाच काय सांगायचं, पण हे आजची मुलंही वाचणार, तेव्हा पहिल्यापासून सांगते. कंटाळलात तर मधलं सोडा.

तुम्ही बार्शीहून आमच्या शाळेत भूगोल शिकवायला आलात, तेव्हा मी राजोडी गावातलीच, गणिताची जुनी बाई होते. बार्शीत सात वर्षं तुम्ही फळ्यावर खडूनं समुद्रातल्या कमानी आणि कडे काढले होते, आणि समुद्र पाहिला नव्हता. पहिल्याच महिन्यात नववीची पोरं घेऊन राजोडीच्या किनाऱ्यावर गेलात ते ऐन भरतीला. पोरांच्या अकरा चपला वाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत मी विचारलं, "काल तिथी कोणती होती?"

"तिथीचा काय संबंध, बाई?"

"तिथीची पाऊणपट करा. येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा. कोळ्यांची बारकी पोरंही सांगतील."

तुम्ही खिशातून वही काढून ते लिहून घेतलंत. मोठी माणसं सहसा लिहून घेत नाहीत, मान हलवतात. त्या दिवसापासून तुम्ही मला बरे वाटू लागलात.

पुढच्या खेपेला मीही आले. एका मुलीनं विचारलं, "सर, पुस्तकातली कमान कुठाय? गुहा कुठाय?" तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे. म्हणालात, "आपल्याकडे पुळण आहे. पुस्तकानं तिला चार ओळी दिल्यात, आपण तिला एक वही देऊ."

ती काळ्या पुठ्ठ्याची लांब वही. दरवर्षी नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी नववीचा वर्ग मोजमापाला जायचा. भरतीनं काडीकचऱ्याची रेघ सोडलेली असते, तिच्यापासून एका पक्क्या जागेपर्यंत टेप धरायची आणि आकडा वहीत लिहायचा. किनारा झिजतो की नाही, ते पोरांना स्वतःच्या हातानं कळावं, एवढाच तुमचा हट्ट. पक्की जागा म्हणून तुम्ही वाळूतला लाकडी क्रूस निवडलात. तुमचा युक्तिवाद असा, की झाड पडतं, घर पाडून बिल्डिंग होते, क्रूस कोण हलवणार?

अठरा वर्षं हे चाललं. क्रुसामागच्या घरातली क्लारा दर खेपेला तुम्हाला सुक्या बोंबलांचं पुडकं द्यायची. तुम्ही शाकाहारी, पण एकदाही नाही म्हटलं नाहीत. पुडकं घेऊन विरारला घरी जायचात आणि खालच्या मजल्यावर देऊन टाकायचात. क्लारा मात्र गावभर सांगायची, मास्तरला माझ्या हातचे बोंबील लई आवडतात.

मग त्या पावसाळ्यात समुद्र क्लाराच्या कुंपणात शिरला. चार माड गेले, विहिरीचं पाणी मचूळ झालं. क्लारा त्रेसष्ट वर्षांची, घर नवऱ्यानं बांधलेलं. घरापुढे बंधारा झाला नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला पाणी लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं. गावानं अर्ज करायचं ठरवलं. तिचा मुलगा जेन्सन शाळेत आला. "सर, तुमच्याकडे अठरा वर्षांचे आकडे आहेत. ते जोडले की साहेब नाही म्हणूच शकत नाही." तुमचा चेहरा असा उजळला, की मला उगीच दुसरीकडे बघावं लागलं. किती वर्षांनी कुणीतरी ती वही मागत होतं.

क्लाराच्या ओट्यावर बैठक भरली. मीही होते, मला बोलावलं नव्हतं तरी. तुम्ही वही उघडून वाचू लागलात. "पहिलं वर्ष, पंचेचाळीस मीटर. दुसरं, सेहेचाळीस. तिसरं, पंचेचाळीस." वाचता वाचता आवाज उतरत गेला. अठरावं वर्ष, पंचेचाळीस.

जेन्सन म्हणाला, "म्हणजे किनारा हललाच नाही?"

"आकडे तर तसंच सांगतात," तुम्ही म्हणालात.

"मग माझे माड काय पाय फुटून गेले?" क्लारा म्हणाली. "कुठून मोजता तुम्ही, मास्तर?"

"क्रुसापासून."

मग क्लारा पदर तोंडाला लावून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो मास्तर, क्रूस आम्ही उचलतो ना. दर साली, मेलेल्यांच्या दिवसाच्या आधी. पानी पुढे आलं की क्रूस मागे. पुढ्यात लोकांना बसायला साठ पावलं जागा पायजे, असा जुन्यांचा नेम."

साठ पावलं म्हणजे पंचेचाळीस मीटर. दोन नोव्हेंबरला गाव मेणबत्त्या लावतं, त्याआधी क्रूस तीन-चार पावलं मागे रोवतं, आणि तिसऱ्या शनिवारी तुम्ही टेप घेऊन हजर. अठरा वर्षं तुम्ही समुद्र मोजला नाहीत, गावाचा नेम मोजलात.

चूक तुमची एकट्याची नव्हती. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, मलाही. तुम्ही कुठून मोजता, हे मी कधी विचारलं नाही. आम्हाला ती सांगायची गोष्ट वाटलीच नाही.

जेन्सननं तोड सुचवली. "सर, दर वर्षी समुद्र तीन मीटर आत आला, अशी नवी वही लिहा. खरं तर तेवढंच गेलंय. खोटं कुठे होतंय?"

"जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, जेन्सन."

"माझ्या आईचं घर जाईल."

"जाऊ द्यायचं नाही. दहा दिवस दे मला."

त्या दहा दिवसांत तुम्ही काय केलंत, ते इथं लिहिलंच पाहिजे. तुम्ही नववीतल्या पोरांना समोर बसवून सांगितलंत, "माझं चुकलं. स्थिर बिंदू स्थिर आहे का, हे मी कुणाला विचारलं नाही." आणि मग त्यांना घरोघर पाठवलंत. क्रुसाजवळच्या प्रार्थनेचे, लग्नाचे, बारशाचे, जे मिळतील ते फोटो आणायला. अकरा मिळाले. प्रत्येकात पुढे क्रूस आणि मागे क्लाराची विहीर नाहीतर तिच्या घराचं कौलारू टोक. क्षितिजा नावाची मुलगी फोटो डोळ्यांपुढे धरून वाळूत मागे-पुढे सरकायची. फोटोतली विहीर आणि समोरची विहीर सारखी जुळली की ओरडायची, "इथे, सर." तिथे काठी रोवायची. पहिल्या वर्षाची काठी भरतीच्या रेघेच्याही पलीकडे, ओल्या वाळूत गेली. आत्ताच्या क्रुसापासून छप्पन्न मीटर. क्लारा दारातून बघत होती. हसली नाही. पहिल्या वर्षाचा, नवऱ्याचा हात तिच्या खांद्यावर असलेला तो फोटो तिच्याच घरचा होता.

वाळूत बसून तुम्ही तक्ता लिहीत होतात, तेव्हा मी बोलून गेले, "माझ्या लहानपणी क्रूस याहून खूप पुढे होता. माझ्या बाबांनी त्याच्याखाली जांभ्या चिऱ्याचा चौथरा बांधला होता. वैशाखातल्या अमावस्येला मोठी ओहोटी असते ना, तेव्हा उघडा पडत असेल. जागा मी डोळे मिटून दाखवीन."

तुम्ही वर बघितलंत, चिऱ्यांचं नाव ऐकून एखाद्या पोरासारखं. "म्हणजे पन्नास वर्षांचं माप. याल बेलाबाई माझ्याबरोबर?"

"येईन की. त्यात काय."

अकरा फोटो जोडून अर्ज गेला. दोन वर्षं लागली, पण गेल्या पावसाळ्याआधी क्लाराच्या घरापुढे दगड पडले. तिच्यापुरते पडले, पलीकडच्या वाडीला नाही. तिची भिंत उभी आहे. विहीर अजून मचूळच आहे.

चौथऱ्याचं मात्र राहिलं. पहिल्या वैशाखात तुमचा फोन आला, "बाई, परवा अमावस्या, पहाटे सहाला येऊ?" मी सांगितलं, पापडीच्या चर्चमध्ये माझ्या भावाच्या, एरॉलच्या नातीचं पहिलं कम्युनियन आहे. कम्युनियन दहा वाजता होतं. दुसऱ्या वैशाखात मी गुडघा पुढे केला. तुम्ही म्हणालात, "सावकाश, बाई. चौथरा कुठे जातोय." आणि त्या जूनमध्ये निवृत्त होऊन बार्शीला गेलात.

गुडघा बरा होता, सर. जागा मला नक्की आठवत नव्हती. विहिरीच्या रेषेत होता की चर्चच्या टोकाच्या, मी रात्र रात्र आठवून पाहिलं. मी बोट दाखवलं असतं तर तुम्ही विश्वासानं मोजलं असतं, आणि आठवत नाही म्हणायला मला दोन वर्षांत धीर झाला नाही.

वही शाळेच्या कपाटात आहे, परवा उघडून पाहिली. तक्त्यात अकरा ओळी भरलेल्या. बाराव्या ओळीत तुमचं अक्षर आहे, "चिऱ्याचा चौथरा, बेलाबाईंबरोबर जाऊन मोजणे." पुढचा रकाना कोरा आहे.