वेणूबाईंचे सहा शनिवार

मुलानं, हरेशने, जुनं घर पाडून तिथं चार मजली इमारत बांधली आणि वेणूबाईंचं काम संपलं. तळमजल्यावर त्यांना स्वतंत्र खोली मिळाली, टीव्ही मिळाला. वर सुनेच्या घरात भांड्यांना एक बाई, पोळ्यांना दुसरी. वेणूबाई मदतीला गेल्या की सून रंजिता म्हणायची, "आय, तुमी बसा. आयुष्यभर केलंत ना?" म्हणायची ती मायेनंच. पण बसून बसून माणूस बसणार किती? नवरा जगन जाऊन नऊ वर्षं झालेली. हरेश दिवसभर न्हावा शेव्याच्या बंदरावर, आपल्या ट्रेलरच्या धंद्यात. दुपारी वेणूबाई खिडकीशी बसून निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायच्या.

तसं बसलेलं त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू रुचिराने पाहिलं. ती खारघरला चित्रकला शिकवायची. एका संध्याकाळी जाडजूड पुस्तक घेऊन ती खाली आली.

"मावशी, सहा शनिवार माझ्या वर्गात याल? मुलं तुमचं चित्र काढतील. तुम्ही फक्त काम करत बसायचं."

पुस्तकात हॉलंडची साडेतीनशे वर्षांपूर्वीची चित्रं होती. एक बाई अंगण झाडत होती, एक भांडं घासत होती, एक पोराच्या डोक्यातल्या उवा बघत होती. वेणूबाई पानं उलटत राहिल्या.

"यात देव नाय? राजा नाय?"

"नाही. या चित्रकारांना घरातली कामंच काढावीशी वाटली."

"आनि लोक ही भिंतीवर लावायचे?"

"हो, साधे दुकानदारसुद्धा."

"येडीच म्हनायची," वेणूबाई म्हणाल्या. पण उवांच्या पानाशी त्या पुन्हा थांबल्या. शनिवारी सुके बोंबील पिशवीत घालून रुचिराबरोबर रिक्षात बसल्या.

वासानं वर्गातल्या पोरींनी नाकाला ओढण्या लावल्या. वेणूबाई खुशाल बोंबलांची डोकी खुडू लागल्या. किती दिवसांनी हाताला खरं काम लागलं होतं! तेवढ्यात रुचिरा म्हणाली, "आता आहे तसंच थांबा, मावशी. हात हलवू नका."

हात थांबवायचे कसे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पहिले दोन शनिवार बोटं आपोआप चालायची आणि मुलं हसायची. तिसऱ्या शनिवारी जमलं. हात थांबले, आणि डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी यायला लागलं. मिठागरावरून जगन मागच्या दारी आलाय, पायांच्या भेगांत मीठ गेलंय, पाणी मागतोय. आणि आपण मान वर न करता "घ्या ना तिथनं" म्हणतोय, कारण हातात मासळी आहे. एकदा नाही, रोज. त्याचा चेहरा आठवायला गेल्या तर पायच आठवले.

"मावशी, रडताय?" एका पोरीनं विचारलं.

"बोंबलांनी डोलं चुरचुरतान," वेणूबाई म्हणाल्या.

पुढं कुणीतरी वर्गातला फोटो मोबाइलवर फिरवला आणि तो हरेशपर्यंत पोचला. तो तडक खाली आला.

"आये, लोकांसमोर बोंबील खुडत बसतेस? घरात तुला काय कमी हाय?"

"कमी काय नाय रं. काम कमी हाय."

चपलेनं फरशी घासत हरेश उभा राहिला आणि वर गेला. राहिलेल्या शनिवारी त्यानं अडवलं नाही.

शेवटी वर्गातच प्रदर्शन लागलं. रंजिता सासूला घेऊन आली. भिंतीवर वेणूबाईंची चौदा चित्रं होती. कुणी पातळ निळं केलं होतं, कुणी बोंबलांना चांदीचा रंग दिला होता. चौदाही चित्रांत खोलीत दुसरं माणूस नव्हतं. रंजिता एकेका चित्रापुढं थांबत पुढं गेली. एका पोरीनं आपलं चित्र वेणूबाईंना देऊ केलं.

"मला कशाला, बाय? मी हाय ना घरी. तुझ्या आयला दे."

मे महिन्यात रुचिराला नाशिकला नोकरी लागली. तिच्या जागी आलेलं जोडपं सकाळी आठला बाहेर पडायचं, त्यांची तोंडंही वेणूबाईंना नीट माहीत नव्हती.

हिवाळ्यातल्या एका दुपारी रंजितानं दोन किलो मटार खाली पाठवले. "आय, जरा सोलून द्याल का?" असा निरोपही होता. वेणूबाईंनी घाई केली नाही. एकेक शेंग बोटांत धरून त्या मधेच थांबत, मान वर करून दाराकडं बघत. तरी चार वाजेपर्यंत मटार संपले. त्यांनी दाणे वर पाठवले, सालं गोळा केली आणि गल्लीतल्या शेळीला घालायला गेल्या.