अक्का बर्फात उतरली तो दिवस

हैदराबादच्या विमानतळावर सामान देऊन झालं, तेव्हा अक्का पहिल्यांदा मनातलं बोलली. "मंगल, मी काय शर्यत बघाया चालले न्हाई. पोरीला घिऊन यायला चालले."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण शोभा. चाकूरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. मी लातूरला कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून सोबतीला निघाले. अक्काची एकुलती एक मुलगी सुजाता सीमेवरच्या एका दलात भरती झाली, हिमालयात नेमणूक मिळाली आणि तिथंच स्कीइंग शिकली. टीव्हीवर दिसतं तसं डोंगरावरून सुसाट खाली येणं नव्हे. हा नॉर्डिक प्रकार. लांब, अरुंद पट्ट्या चवड्याशी बांधायच्या, टाच मोकळी ठेवायची, दोन्ही हातांत काठ्या घ्यायच्या आणि जंगलातले चढ-उतार छाती फुटेस्तोवर कापायचे. सुट्टीवर आली की सुजाता चाकं लावलेल्या पट्ट्या घालून पहाटेच हायवेवर सराव करायची. ट्रकवाले हॉर्न वाजवून वाट द्यायचे, आणि चाकुरातले लोक विचारायचे, "सिस्टरची पोरगी काठ्या घिऊन कुठं चाललीया?"

आता ती नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला जागतिक स्पर्धेत उतरणार होती. पण त्याआधीच्या एका हिवाळ्यात बर्फानं तिच्या डाव्या पायाच्या दोन बोटांची टोकं नेली होती. रजेवर आली तेव्हा तिचं ड्रेसिंग अक्कानंच केलं. जन्मभर लोकांच्या जखमा बांधलेल्या बाईनं ते तीनदा सोडून पुन्हा बांधलं. त्यानंतर तिनं लातूरच्या एका शाळेत सुजातासाठी खेळाच्या शिक्षिकेच्या जागेचं बोलणं करून ठेवलं. शर्यत झाली की पोरीला ते सांगायचं, असं ठरवूनच ती निघाली होती.

ऑस्लोहून ट्रॉनहाइमला आगगाडीनं गेलो. खिडकीबाहेर गोठलेली तळी, काळपट हिरवी सूचीपर्णी झाडं आणि मधूनच एखादं लाल लाकडी घर. मला डोळे किती उघडे ठेवू असं झालं होतं. अक्का मात्र खिडकीकडे पाठ करून बसली. एकदाच वळून म्हणाली, "चुना फासल्यागत दिसतंय सगळं. ह्यात माणसं जगत्यात कशी?"

ट्रॉनहाइममध्ये नदीकाठी खांबांवर उभी असलेली जुनी रंगीत गोदामं आहेत, पिवळी, तांबडी, हिरवी. ती बघत आम्ही एका कॅफेपाशी आलो, तर दाराबाहेर थंडीत एक बाबागाडी उभी, आत तान्हं बाळ झोपलेलं, आणि जवळ चिटपाखरू नाही. अक्काच्यातली सिस्टर जागी झाली. "अगं, लेकरू टाकून गेलं की कुणी!" म्हणत तिनं हातमोजा काढला आणि थेट बाळाच्या गालाला हात लावला.

आतून एक तरुण बाई धावत आली. मी इंग्रजीत भराभरा सांगितलं, ही नर्स आहे, घाबरली आहे. ती बाई हसायलाच लागली. "आमच्याकडे बाळं बाहेरच झोपवतात. थंड हवेत छान झोप लागते. मी काचेतून बघत होते," ती म्हणाली. मग तिनं आम्हालाच आत बोलावून व्हाफ्लर (पातळ, जाळीदार गोड घावन) खाऊ घातले. त्यावर ब्रुनोस्त (खव्यासारखं तपकिरी, गोडसर चीज) होतं. अक्कानं निम्मं खाल्लं, निम्मं पानात ठेवलं. हॉटेलवर येऊन हातमोजे काढले. मग म्हणाली, "गाल गरम हुता गं लेकराचा."

शर्यतीच्या सकाळी चक्क पाऊस लागला. सुजाताला आदल्या दिवशी थोडाच वेळ भेटता आलं होतं. पावसाचा अंदाज होता आणि ओल्या बर्फात पट्ट्या मागं घसरतात, म्हणून ती तेव्हाच काळजीत होती. तिच्याबरोबर एकच प्रशिक्षक होते. मोठ्या देशांकडं पट्ट्या बर्फावर नीट चालाव्यात म्हणून त्यांना मेण लावायलाच माणसांची फौज.

आम्ही मैदानातल्या गॅलरीत न बसता लोकांच्या मागोमाग जंगलात गेलो. लोइपे (यंत्रानं बर्फात पाडलेली दोन खोबणींची वाट) तिथून एका चढावर जात होती. वाटेच्या कडेला लोक शेकोट्या पेटवून, अंगाखाली कातडी अंथरून बसलेले. कुणी गुरांच्या गळ्यातल्या असतात तसल्या घंटा वाजवत होतं. स्वतःच्या पट्ट्यांवरून आलेल्या एका म्हातारीनं आम्हाला शेकोटीपाशी सरकून जागा दिली. तिचं नाव ओसे. मी पिशवीतून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. चटणीनं ओसेच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं दुसरा घास घेतला.

"तुमचं कोण आहे शर्यतीत?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"हिची मुलगी," मी म्हणाले. ओसेनं अक्काचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही.

एकेक खेळाडू ठरावीक अंतरानं सुटत होती. नॉर्वेच्या मुली हरणासारख्या गेल्या. "हेया, हेया!" (शाब्बास, चल चल!) असा गजर उठला. बऱ्याच वेळानं खालच्या वळणावर आपल्या झेंड्याचे रंग दिसले.

"सुजा!" अक्का उठलीच.

चढाच्या तोंडाशी एक मुलगी सुजाताला ओलांडून पुढं गेली. तेवढ्यात काय अडकलं कळलं नाही. काडकन आवाज झाला आणि सुजाताची उजवी काठी मधोमध मोडली. हातात नुसता दांडा राहिला. एका काठीनं ती चढायला लागली, पट्टी मागं घसरली, गुडघ्यावर आली, पुन्हा उठली. तिचा चेहरा आम्हाला स्पष्ट दिसत होता. दवाखान्यात बाई कळा सोसते तसा.

मला वाटलं, आता अक्का म्हणणार, बस कर, ये बाई इकडं.

ओसेनं आपली काठी उचलली आणि ओरडली, "हेर! ता देन!" (ही घे!) पण सुजाता वाटेच्या पलीकडच्या बाजूनं चढत होती आणि म्हाताऱ्या ओसेला वाटेकडेला बांधलेल्या दोरीखालून वाकणं जमेना. अक्कानं तिच्या हातातून काठी घेतली. दोरीखालून वाकून ती वाटेच्या कडेच्या मऊ बर्फात उतरली आणि मांडीपर्यंत आत गेली. एक बूट आतच राहिला. तशीच मोज्यावर रेटत ती पुढं गेली आणि काठी लांबवली.

"धर! सुजे, धर! पळ!"

सुजातानं आईकडे बघितलं. काठी घेतली. ती तिच्या मापाला बरीच आखूड होती, त्यामुळं पोरगी एका अंगाला वाकून चढली, पण चढली. अक्का बर्फात उभी राहून ओरडतच होती, "पळ गं माझे बाई, पळ!" आणि आजूबाजूची अनोळखी माणसं तिचा शब्द उचलून ओरडायला लागली, "पल! पल!"

सुजाता शेवटून तिसरी आली. पण शर्यत पुरी केली. शेवटच्या रेषेपलीकडं आडवी पडलेली पोरगी आम्ही वाटेकडेच्या मोठ्या पडद्यावर पाहिली, अक्काचा ओला पाय ओसेच्या लोकरी टोपीत गुंडाळलेला असताना.

संध्याकाळी खेळाडूंच्या मुक्कामी भेट झाली. अक्कानं आधी तिला खुर्चीत बसवून मोजे काढले. बोटं एकेक करून दाबून बघितली. "मुंग्या येत्यात का? हितं कळतंय का?" सुजाता हो हो म्हणत होती. मग हळूच म्हणाली, "आई, तू कशाला आलीस ते मला ठाव हाय. शाळेच्या सरांचा फोन आला हुता."

अक्कानं तिचे पाय मांडीवर घेतले. तिनं नवे कोरडे मोजे पोरीच्या पायात चढवले, वर ओढून नीट केले.

"पुढच्या खेपेला," ती म्हणाली, "जादाची काठी घिऊन माणूस उभा कर. दर बारीला मी यायची न्हाई."

सुजातानं तोंड ओंजळीत लपवलं. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

परतताना हैदराबादला उतरलो तर ऊन तापलेलं. जीपनं उदगीर मागं टाकलं. हरभरा काढून झालेली रानं, मोकळे बांध, फुललेला पळस. अक्का या वेळी खिडकीपाशी बसली होती. मी विचारलं, "भीती गेली का गं?"

तिनं बाहेर बघतच पदर सारखा केला.

"भीती कशाला जाईल? ती हाय तशी हाय," ती म्हणाली. "पण आधी डोळे झाकले की नुसतं पांढरं दिसायचं. पोरगी दिसायचीच न्हाई त्यात. आता दिसती."

आपण प्रवासाला जातो ते नवं काही बघायला, असं मी समजत होते. अक्का आपलंच माणूस बघायला इतक्या लांब गेली होती, आणि बघून आली होती. चाकूरच्या फाट्यावर शेजारच्या बायका थांबल्या होत्या. जीप थांबायच्या आत एकीनं विचारलं, "सिस्टर, कितवी आली पोरगी?"

"शेवटून तिसरी!" अक्का जीपमधूनच मोठ्यानं म्हणाली आणि सीटखाली सरकलेली चप्पल शोधायला वाकली.