उलटे चालणारे मामा

“तुम्ही चला गा, मी पाहून राहिलो.”

असं म्हणून मामा आमच्याकडे तोंड करायचे आणि उलटे चालायला लागायचे. पाठ नागपूर स्टेशनाकडे, तोंड आमच्याकडे. एका हातात जेवणाचा डबा, दुसरा हात चौकातल्या शिपायासारखा हवेत. पायाखाली गिट्टी, मध्येच सिग्नलच्या तारा, कुठे कोणी टाकलेला कोळशाचा चुरा. तरी मामांना ठेच लागलेली मी पाहिली नाही.

तुम्ही कधी छोट्या लाइनीने, म्हणजे नॅरोगेजने, नागपूरला येत असाल, तर ही वाट तुमच्याही पायांना ठाऊक असेल. उमरेडकडची आमची गाडी इतवारीला संपायची. वर्ध्याकडे जाणारी पॅसेंजर मोठ्या स्टेशनवरून सुटायची. दोन्ही गाड्यांच्या वेळा कागदावर जुळत होत्या, पायांना जुळत नव्हत्या. गोळीबार चौकातून रस्त्याने गेलं तर पॅसेंजरचा शेवटचा डबा दिसायचा, तोही जाताना. रुळांच्या कडेने निघून, मालगाड्यांच्या लाइनी ओलांडून संत्रा मार्केटच्या अंगाने शिरलं तर गाडी मिळायची. चुकली की अर्धी रजा.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. बुटीबोरीच्या एका कचेरीत मी नवा कारकून होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील वीटभट्टीवर विटा वाहायचे आणि त्यांनी मला बी.ए. केलं, हे मी कोणालाही सांगतो, न विचारता सांगतो. उशीर झाला की साहेबासमोर उभं राहून कारणं द्यायची, हे मला जमत नव्हतं. म्हणून पहिल्याच दिवशी मी मामांच्या मागे लागलो.

मामा कोणाचे सख्खे नव्हते, सगळ्यांचेच होते. त्यांना पॅसेंजर धरायची नव्हती. ते स्टेशनापलीकडच्या कापडाच्या मिलमध्ये लूमवर होते. त्यांची पाळी सुरू व्हायला वेळ असायचा. रस्त्याने रमतगमत गेले असते तरी चाललं असतं. पण आम्ही आठ-दहा जण रुळांच्या कडेने निघालो की हा माणूस पुढे. कोणी नेमलेलं नव्हतं. “माह्यासंगं निघालेल्याची गाडी चुकली नाही, अन् कोणाले खरचटलं नाही,” एवढंच ते सांगायचे, आणि ते खरं होतं.

लाइनी ओलांडायची त्यांची एक रीत होती. आधी दोन्हीकडे पाहायचं, मग स्वतः रुळांच्या मधोमध उभं राहायचं आणि आम्हाला एकेक करून पलीकडे घालायचं. शेवटचा माणूस गेल्यावर स्वतः निघायचं. आमच्यातले पटवारी म्हणायचे, “मामा, तुम्ही मागच्या जन्मी गार्ड होते. तोंड सदा डब्यांकडे.”

“अन् तुम्ही मालडबा होते,” मामा म्हणायचे. “आताबी ढकलल्याशिवाय चालत नाही.”

पटवारी अंगाने भारी होते. सगळे हसायचे, पटवारी सगळ्यांत जास्त.

मामांची आणखी एक करामत होती. इतवारीच्या पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर दोन माणसं बोलत असली, तर मामा इकडे उभे राहून आम्हाला त्यांचं बोलणं सांगायचे. लूमच्या खात्यात कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे एकमेकांच्या ओठांवरूनच बोलतात, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. एकदा पटवारी पास घरी विसरले. समोर तिकीट तपासनीस हमालाशी काही बोलत होता. मामा पुटपुटले, “तो आज फाटकापाशी उभा राहणार हाये. पटवारी, तुम्ही सिस्टरबाईच्या मागून निघा.” सिस्टर म्हणजे बुटीबोरीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, आमच्यातल्या सगळ्यांत फटकळ. त्या म्हणाल्या, “माझ्या मागे हे मावतील का?”

आम्ही हसलो. ओठांवरून बोलणं ओळखणं ही आम्हाला गंमत वाटायची. तिच्या पाठीमागे काय आहे, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मला ते ‘बीए’ म्हणायचे. “ए बीए, तोंडातल्या तोंडात बोलू नको. शिकला ना तू? ओठ उघडून बोल.” मी आपला स्पष्ट बोलायला लागलो. वाटलं, मोठा माणूस आहे, वळण लावतो आहे.

आणि थंडी पडली की त्यांचा एक हट्ट असायचा. नागपूरची डिसेंबरातली सकाळ तुम्हाला ठाऊक आहे. मफलर, कानटोपी, पदर, जे असेल ते माणूस तोंडावर ओढतो. मामांना ते खपायचं नाही. “तोंडावरचं काढा गा. झाकल्या तोंडाचा माणूस मले समजत नाही.”

“काहून? आमच्या तोंडात लाडू हाये का?” पटवारी मफलर खाली करून विचारायचे.

“असन तर दाखवा,” मामा म्हणायचे.

आम्ही मफलर खाली करायचो आणि दहा पावलांवर पुन्हा वर घ्यायचो.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की इतवारीचा सिग्नलही दिसत नव्हता. सिस्टरना सर्दी झाली होती, त्यांनी शाल नाकावरून गुंडाळली होती. मी मफलर डोळ्यांपर्यंत घेतला होता. पटवाऱ्यांची तर कानटोपी आणि वर टॉवेल. मामांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं. मालगाड्यांच्या लाइनीपाशी आलो. मामांनी दोन्हीकडे पाहिलं, मध्ये उभे राहिले, हात हलवला.

धुक्यातून मालगाडीच्या वाघिणी आल्या. इंजिन पलीकडच्या टोकाला होतं, मागून ढकलत होतं, म्हणून धूर नाही, दिवा नाही. नुसती चाकांची करकर. ती आम्हा सगळ्यांना ऐकू आली. आम्ही जागच्या जागी थांबलो आणि ओरडलो. सगळेच ओरडलो.

मामा आमच्याकडे पाहून हसले. “काय म्हणता? थांबले काहून?”

मफलरच्या आत आम्ही ओरडत होतो आणि तो माणूस आमचे डोळे पाहत उभा होता. सिस्टरनी शाल खसकन खाली ओढली. त्यांच्या तोंडून ‘गाडी’ पूर्ण निघायच्या आत मामांनी बाजूला उडी टाकली. डबा हातातून सुटला. वाघिणी एकामागून एक गेल्या.

गेल्यावर आम्ही लाइन ओलांडली. मामा खाली बसून डबा उचलत होते. त्याची चपटी थाळी झाली होती, भाकरी गिट्टीत मिसळली होती. सिस्टर त्यांच्यासमोर बसल्या आणि त्यांनी काहीतरी विचारलं. मी हातभर अंतरावर होतो. मला आवाज आला नाही, कारण त्यांनी आवाज काढलाच नव्हता. नुसते ओठ हलले होते.

मामांनी मोठ्याने उत्तर दिलं. “लय दिवस झाले, बाई. लूमनं खाल्ले. पहिले डावा कान, मग उजवा.”

पटवाऱ्यांनी टॉवेल काढला, कानटोपी काढली. डोक्यावर दव पडत होतं, तरी ते तसेच उभे राहिले.

त्या दिवशी पॅसेंजर मिळाली. डब्यात बसल्यावर सिस्टर म्हणाल्या, “ते आपल्याला पाहत नव्हते. आपल्या तोंडांवरून गाडी ऐकत होते.”

दुसऱ्या दिवशीपासून कोणीच तोंड झाकलं नाही. ठरवावं लागलं नाही. पण मामा आता पुढे होईनात. “कोणीतरी डोळ्या-कानाचा माणूस पुढं चला,” म्हणून ते मागे राहिले. मागून त्यांना आमच्या फक्त पाठी दिसत. मागून गाडी आली तर यांना कोण सांगणार, म्हणून आम्ही सारखे वळून पाहायचो. मी तर काही दिवस त्यांच्यासारखा उलटा चालायचा प्रयत्न केला. दिसतं तेवढं सोपं नाही ते. मी दोनदा आपटलो. पटवारी म्हणाले, “बीए, हे कॉलेजात नाही शिकवत का?” मामाही हसले, पण मग एके दिवशी वळून पाहताना सिस्टरांचाच पाय सिग्नलच्या तारेत अडकला आणि घोटा सुजला. मामा त्यांच्याजवळ बसले आणि घोट्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या सकाळी इतवारीला उतरल्यावर ते म्हणाले, “मी सडकेनं जातो. मले कोणती गाडी धराची हाये?”

“मामा, आम्ही पाहतो ना,” मी म्हणालो, ओठ उघडून.

“तेच तर,” ते म्हणाले. “माह्यापायी पडून राहिले तुम्ही.”

स्टेशनाबाहेर आमची वाट एकीकडे आणि त्यांची दुसरीकडे. कोपऱ्यापर्यंत ते आमच्याकडे तोंड करून उलटे गेले. न जाणो, कोणी काही म्हटलं तर. मग वळले. असं रोज व्हायला लागलं. आमच्या मनाला बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू. रुळांवरून माणूस सुटला, सडकेवर काय व्हायचं आहे, असं वाटायचं.

संत्र्यांचा बहर जोरात असताना एका सकाळी पेट्यांनी भरलेला ट्रक मार्केटच्या तोंडाशी मागे घेत होते. क्लीनर बाजूला उभा राहून फळीवर हात मारत होता, “आने दो, आने दो.” सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे बाजूला झाले, मामा सोडून. रुळांवर मामांपुढे आमची तोंडं होती. सडकेवर कोणी त्यांच्याकडे तोंड करून चालत नव्हतं.

जीव वाचला. पाय मांडीत मोडला होता, तो वाकडाच जुळला. लूमपुढे दिवसभर उभं राहणं संपलं आणि मिलची नोकरीही संपली.

उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही तिघं, मी, पटवारी आणि सिस्टर, त्यांच्या गावी गेलो. पटवाऱ्यांनी संत्री नेली होती. दारात पोचल्यावर त्यांना पेट्यांचा तो ट्रक आठवला आणि त्यांनी पिशवी गुपचूप माझ्याकडे दिली. मी ती बाहेरच ठेवली. मामा पडवीत खाटेवर होते. आम्ही आत शिरलो तशी उन्हाची तिरीप आमच्या पाठीमागून आली.

“उजेडात बसा गा,” ते म्हणाले. “तोंडं काळी दिसून राहिली.”

आम्ही जागा बदलून बसलो. चहा झाला. निघताना ते काठी घेऊन स्टेशनापर्यंत आलेच. छोट्या लाइनीचं स्टेशन ते, एक खोली आणि एक कडुनिंब. गाडी आली, आम्ही चढलो, खिडकीशी बसलो. गाडी हलली तेव्हा पटवारी खिडकीतून अर्धे बाहेर झाले आणि मामांना काहीतरी सांगायला लागले. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून, सावकाश, पुन्हा पुन्हा.

काय सांगत होते ते मला कळलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मामा प्लॅटफॉर्मच्या कडेला उभे होते. ऐकू न येणारा माणूस कानामागे हात धरतो. मामांनी हात कपाळावर आडवा धरला होता, उन्हातून आमची तोंडं दिसावीत म्हणून. गाडी वळणावर गेली तरी हात खाली आला नव्हता.