पांढरी पडलेली टाकी

कोल्हापुरात आमचा घरगुती मटण थाळीचा व्यवसाय आहे. स्वयंपाक बायको करते, बाकीचं मी बघतो. मोठ्या शेगडीवर पातेलं चढलं की थोड्या वेळानं गॅसची टाकी गार पडते. आधी तिला घाम फुटतो, मग खालच्या अर्ध्या अंगावर पांढरा बर्फ चढतो आणि शेगडीची आच बसत जाते. टाकी रिकामी झालेली नसते. आतला द्रव वायू होताना लागणारी उष्णता टाकीच्याच पत्र्यातून ओढून घेतो. जितक्या घाईनं गॅस जाळावा तितका पत्रा गार, आणि गार द्रवातून वायू पुरेसा सुटत नाही. हे मला माहीत होतं. लग्नाआधी मी नववी-दहावीच्या शिकवण्या घ्यायचो. अप्रकट उष्मा फळ्यावर कितीदा शिकवला असेल.

तरी या थंडीत, रविवारच्या गर्दीत, मी टाकी आडवी केली, म्हणजे आच परत चढते. आमच्या गल्लीत बरेच जण करतात.

"अवं, नगा तसलं काय करू," बायको म्हणाली.

"कायबी हुत न्हाय. पावणं ताटावर बसल्यात, तू रश्श्याकडं बघ."

सुरुवातीला खरंच काही झालं नाही. उलट मी ही युक्ती धाकट्या बहिणीला शिकवली. ती कसबा बावड्याला राहते, जेवणाच्या ऑर्डरी घेते. मग एका दुपारी आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रवच नळीत उतरला. शेगडीपाशी येताच त्याचा वायू झाला. एवढ्याशा द्रवाचा वायू किती पसरतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. जाळ छताला लागला. आवाज फारसा झालाच नाही. बायकोचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "पदर पेटला." पुढं सगळ्यांना तेच सांगितलं. मी शेजारी उभा राहून मान डोलवत आलो.

काल सकाळी बहिणीचा फोन आला. मागून शेगडीची फरफर ऐकू येत होती.

"दादा, टाकी पार पांढरी पडलीया बघ. आडवी घातली. तुझी युक्ती लय भारी हाय की!"

"शेगडी बंद कर. आधी बंद कर."

"डोस्कं फिरलंय व्हय तुझं? अर्धं मटण कच्चं हाय."

"ऐक की जरा."

"वैनीचा पदर पेटल्यापासनं तू लय भित्रा झालायस."

ती हसली. हसण्यामागं फरफर बारीक झाली, मग एकदम वाढली. तसाच आवाज मी आमच्या स्वयंपाकघरात ऐकला होता. बायको समोर बसली होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन.

"पदर न्हवता पेटला," मी म्हणालो. "टाकी मी आडवी केलती. तिचा हात माझ्यामुळं भाजला."

फरफर थांबली. मग फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज आला, जड काहीतरी उभं केल्याचा.

"आन मी सगळ्या पै-पावण्यांत सांगत फिरले, वैनीच येंधळी म्हणून," बहीण म्हणाली. "फोन दे तिच्याकडं."

मी दिला. बायकोनं तो डाव्या हातानं घेतला, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.