उकंडा मिस्त्रीचा हौद

विहिरीचं असो, नळाचं असो की सोयऱ्याच्या घरी तांब्यातून पुढे आलेलं असो, उकंडा मिस्त्री पाणी आधी अंगठ्यात आणि बोटात चोळून पाहायचा, मगच प्यायचा. त्याची बायको चारचौघांत चिडायची, "दुसऱ्याच्या घरी तरी असं करू नोका!" मिस्त्री शांतपणे म्हणायचा, "तोंडाले पानी फसवते, बोटाले नाई फसवत." मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. पण माझ्या शिक्षणाला खरा अर्थ या निरक्षर गवंड्याने दिला, हे कुठेतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात आहे.

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मीही नवा होतो. मेहकरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. माझे आईवडील बीबी गावात वांगी-मिरच्या पिकवून बाजारात विकत. घराण्यातला पहिला बीएस्सी मीच. नोकरी तात्पुरती होती. कायम करायचं की नाही ते जूनमध्ये ठरणार होतं आणि ठरवणार होते संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब. त्यांची जिनिंग फॅक्टरी होती आणि गावाबाहेर नवा बंगला होता.

आप्पासाहेबांनी मुंबईत कुणा मित्राच्या बागेत जपानी रंगीत मासे पाहिले. तांबडे, पांढरे, सोनेरी, हातभर लांबीचे. तसाच हौद आपल्या बागेत हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं. मला बोलावून म्हणाले, "मास्तर, तुम्ही सायन्सचे. नकाशा काढा. खर्चाकडे पाहू नका, पण अकोल्यापर्यंत असा हौद दिसता कामा नये."

मी आठ दिवस खपून नकाशा काढला. काजूच्या आकाराचा हौद, मध्ये कारंजं, कमळांसाठी पायरी, वरून छोटा कमानीचा पूल. उकंडा मिस्त्रीने कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "खोली किती धरली?"

"सगळीकडे दोन फूट."

"मास्तर, वैशाखात याचा हौद नाई राह्यत, माशाचा रस्सा व्हते."

सगळे हसले. मला राग आला, पण त्याचं खरं होतं. एका बाजूला छातीएवढी खोली ठेवायचं ठरलं. त्यानंतर तो मला विचारल्याशिवाय रेघ हलवत नसे आणि मी त्याला विचारल्याशिवाय कागद हलवत नसे. आतून सिमेंटचा घोटीव गिलावा त्याने असा केला, की त्यात तोंड दिसावं.

काम संपलं त्या दिवशी तो आप्पासाहेबांना म्हणाला, "आता महिनाभर याच्यात मासा नाई. सिमिट कच्चं हाय. पानी भरून शेन आन् केळीचे खुंट टाकायचे, सडू द्यायचे, मंग थे पानी सोडून द्यायचं. असं तीनदा. मंग मासे."

आप्पासाहेबांनी नाकाला रुमाल लावला. त्यांच्या मुलीला पाहायला रविवारी अकोल्याचे पाहुणे येणार होते. बागेत शेणाचा वास नको होता. त्यांनी हौद धुऊन काढला, स्वच्छ पाणी भरलं आणि माशांसाठी मुंबईला तार केली.

रविवारी सकाळी मी लवकर बागेत गेलो. शाळेच्या प्रयोगशाळेतला लाल लिटमस कागद खिशात होता. पाण्यात बुडवला तो क्षणात निळा झाला. सिमेंटातला चुना पाण्यात उतरत होता, आणि तो माशांना घातक. मुलांना मी हाच प्रयोग शिकवत असे. मी कागद पुन्हा खिशात घातला आणि कुणाला काही बोललो नाही.

दहा वाजता मलकापूर स्टेशनवरून जीप आली. तोंडाला फडकी बांधलेले पत्र्याचे डबे उतरले. मुंबईचा माणूस सारखा हाताने पाणी ढवळत होता. पाण्यावर फेस आला होता आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. तो म्हणाला, "साहेब, तासाभरात यांना पाणी बदलून पाहिजे, नाहीतर हातचे जातील. हौद मुरवलाय ना?"

पाहुणेही तासाभरात येणार होते. आप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगा मास्तर. नकाशा तुमचाच आहे."

मला जून महिना दिसला. बाजारात फाटक्या पोत्यावर बसलेली आई दिसली. मी म्हणालो, "पाणी स्वच्छ आहे."

कारंज्याची तोटी गळत होती म्हणून मिस्त्री आला होता. त्याने पाण्यात बोटं बुडवून चोळली. "साबनावानी बुळबुळीत लागून राह्यलं. सोडू नका जी, मरतीन."

आप्पासाहेब तडकले, "उकंडा, तुला कोणी विचारलं का?"

"नाई विचारलं. हौद माह्या हातचा हाय म्हून सांगून राह्यलो."

"उचला रे डबे," आप्पासाहेब गड्यांना म्हणाले.

पहिला डबा काठावर टेकला. तेवढ्यात मिस्त्री धोतरासकट खोल बाजूला उतरला, छातीपर्यंत पाण्यात गेला, वाकला आणि मोरीचं लाकडी बूच उपटून वर आला. पाणी घुरघुरत खाली जाऊ लागलं.

"काय केलंस बे हे!" आप्पासाहेबांचा चेहरा काळा पडला.

"इहिरीजवळ ढोराइची दगडी डोनी हाय. जुनी, शेवाळ धरलेली. तिच्यात सोडा. जगतीन."

दुसरा इलाजच उरला नव्हता. मुंबईचे मासे गुरांच्या डोणीत गेले आणि पाहुण्यांनी रिकामा, ओला हौद पाहिला. "काम चालू आहे," आप्पासाहेब तीनतीनदा सांगत राहिले. पाहुणे गेल्यावर ते मिस्त्रीला एवढंच म्हणाले, "पुन्हा या फाटकात पाऊल टाकू नकोस." मिस्त्रीने धोतर पिळलं आणि निघून गेला. मी तिथेच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

डोणीतले सगळे मासे जगले. पंधरा दिवसांनी आप्पासाहेब आढ्याकडे पाहत मला म्हणाले, "त्याला घेऊन या. हौदाला हात लावायला दुसरा कोणी तयार नाही."

मिस्त्री हिवरा आश्रमला एका विहिरीचं बांधकाम करत होता. मी एस.टी.ने गेलो. निरोपाआधी त्याला लिटमसचं सांगितलं. तो दगड निवडत म्हणाला, "मले मालूम होतं."

"कसं?"

"तुमी पानी सोच्छ हाय म्हनले. चांगलं हाय नाई म्हनले. काऊन नाई बोलले, मास्तर?"

"नोकरी जाईल म्हणून भ्यालो. आमच्या घरात मी पहिलाच शिकलेला."

त्याने हातातला दगड खाली ठेवला. "बापानं वांगे इकून शिकवलं, थे काय गप बसाले? गप तं आमी फुकटात बसतो." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "येतो मी. पन हे आप्पासायबाले तुमी सांगा. एकट्यानं जाऊन."

त्या संध्याकाळी मी सांगितलं. आप्पासाहेब म्हणाले, "एवढे जीव मेले असते, मास्तर. आणि मी दोष त्याला दिला असता." मला जायची खूण केली. नोकरीविषयी एक अक्षर नाही.

मिस्त्री आला. शेण, केळीचे खुंट, सगळं त्याच्या पद्धतीने झालं. काथ्याने हौद घासायला त्याने मलाही आत उतरवलं. कुंपणावरून माझेच विद्यार्थी ओरडले, "अबे, सर शेनात!" मिस्त्री म्हणाला, "हसू द्या. कोपरे सोडू नका."

तिसऱ्यांदा भरलेलं पाणी चार दिवसांत निवळलं. आप्पासाहेब खुर्ची टाकून बसले. नागपूर-अमरावतीची मित्रमंडळी मुद्दाम बोलावली होती. शाळा उघडायला आठवडा राहिला होता आणि मला कायम करण्याचा कागद अजून सहीविना त्यांच्याच टेबलावर होता. गड्यांनी डोणीतले मासे घमेल्यांतून आणले.

मिस्त्रीने पाण्याला बोट लावलं नाही. बाजूला सरला आणि सर्वांसमोर म्हणाला, "मास्तर, तुमी सांगा."

मी कागद बुडवला. तो लगेच बदलला नाही. मी वाट पाहिली. मग हळूहळू त्याच्या कडा निळ्या झाल्या. आप्पासाहेब रोखून पाहत होते. मी कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"नाही. अजून एकदा."

आप्पासाहेब खुर्चीतून उठले आणि पाहुण्यांना घेऊन चहाला आत गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मिस्त्री मात्र तोंडभर हसला.

"मंग उभे काऊन? उतरा. बूच काढा."

मी चपला काढल्या आणि उतरलो.